आठव्या मजल्याचं कुलूप

कालिंदीताई परबांना राग यायला कारण लागत नसे, पण त्या प्रामाणिक. कारण शोधून मगच रागवायच्या. लालबागची चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, आणि ताईंना कारणं शोधायला बावीस मजले मिळाले.

त्यातला आठवा मजला अर्धा रिकामा सोडलेला. आग लागली की वरच्यांनी तिथे येऊन मोकळ्या हवेत थांबायचं. त्याला रेफ्यूज एरिया म्हणतात. पण चाळीतल्या माणसाला घराबाहेर रिकामी जागा दिसली की ती त्याला गॅलरीच वाटते. महिन्याभरात तिथे आमसुलं वाळू लागली, अकराव्या मजल्यावरच्या शंतनुचा कॅरम आला, आणि गणपती मंडळाचा गेल्या वर्षीचा प्लायवूडचा महाल उभाच्या उभा येऊन टेकला. सोसायटीच्या सुरक्षाप्रमुख ताईच. पदर खोचून एका रविवारी त्यांनी सगळं खाली फेकायला लावलं.

"ताई, निदान कॅरम तरी?"

"जळताना स्ट्रायकर मारणारेस काय रे?"

जागा लख्ख झाली. ती तशीच राहावी म्हणून ताईंनी जाळीचं दार बसवून घेतलं, त्याला मुठीएवढं कुलूप ठोकलं आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आता बघू कोण घुसतो ते!

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, सातव्या मजल्यावरच्या मीटरच्या खोलीत वायर जळाली. जिन्यात काळा धूर. वरची माणसं ताईंनीच शिकवल्याप्रमाणे शिस्तीत उतरून आठव्यावर आली आणि जाळीला नाक लावून उभी राहिली. खालून धूर, पुढे कुलूप. खाली वॉचमन गौतम ताईंना फोनवर फोन लावत होता. ताई तेव्हा अग्निशमन दलाच्या दादरच्या कचेरीत साहेबाच्या टेबलावर हात आपटत होत्या. "आमच्या बिल्डिंगची तपासणी कधी? आग लागल्यावर येणार का तुम्ही?" पर्समध्ये फोन वाजला की त्या न बघताच कापत होत्या. इथे महत्त्वाचं बोलणं चाललं होतं.

कुलूप फोडलं ते चौदाव्या मजल्यावरच्या मीराबाईंनी. म्हातारी वाटण वाटता वाटता धावली, वरवंटा हातातच राहिला. दोन घाव तिने घातले, बाकीचे शंतनुने. धूर निवळला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त कुलपाला खोबरं लागलं.

संध्याकाळी मीटिंग. चेअरमन विनीत घसा खाकरून म्हणाला, "जबाबदारी निश्चित करावी लागेल. दुसरी चावी वॉचमनकडे असायला हवी होती. गौतमला काढून एजन्सीकडून दुसरा मागवू."

माना हलल्या. गौतम दाराशी टोपी हातात घेऊन उभा. कुलूप कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ताईंच्या तोंडी कोण लागणार? ताई वाट बघत होत्या. कुणीतरी एकाने नाव घ्यावं, की त्याची सालटी काढू, अशी त्यांची तयारी होती. कुणीच घेईना. इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"कुलूप कुणी लावलं विचारा ना!" त्या उठल्याच.

विनीतने मीटिंगची वही उघडली.

"विचारा म्हणते ना!"

"कोणी लावल्यान गो?" मीराबाईंनी विचारलं.

"मी लावलं! चावी माझ्याकडे, फोन कापला मी! आणि काढताय कुणाला? त्या पोराला? त्याने चावी मागितली होती, मीच म्हटलं, तुला कशाला हवी?"

विनीत घाबरला. "जाऊ द्या हो ताई, झालं ते झालं."

"जाऊ कसं द्या? उद्या बिल्डर म्हणाला जाऊ द्या, तर द्याल? मला शिक्षा द्या!"

"अहो, पण..."

"द्यायची की नाही?"

शिक्षा मागायला ताई एवढ्या भांडल्या की समितीला आपणच शिक्षा भोगतोय असं वाटलं. शेवटी ताईंनीच स्वतःला सुरक्षाप्रमुखपदावरून काढलं. "आता कोण घेतो हे काम?" विनीतने विचारलं. एकाएकी सगळ्यांना आपापल्या मोबाइलमध्ये जरुरीचं काही सापडलं. ताईंचा हात वर जाऊ पाहत होता. त्या त्याच्यावर बसल्या.

"मी करतंय," मीराबाई म्हणाल्या आणि ताईंकडे बोट केलं. "उद्यापासून दुपारची हिका थंय आठव्यार बसवा. जागा राखूक चावी नको, माणूस व्हयो."

ताईंचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बिल्डिंगमध्ये हे पहिल्यांदाच घडलं.

दुसऱ्या दिवशी वेल्डरने जाळी कापून नेली. ताई स्टूल टाकून आठव्या मजल्यावर बसल्या. गौतम वर आला. "ताई, चहा आणू इथे?"

"इथे काही आणायचं नाही!" त्या खेकसल्या. तो जिन्याकडे वळला तशी त्यांनी हाक मारली. "ए, थांब. पाचला सुटले की गेटवर येते. चहा मी आणते. आणि ऐक... माझा फोन लागला नाही ना, तर माझ्यावर विसंबायचं नाही."

"काल तेच केलं, ताई," गौतम म्हणाला. "मीराबाईंना जिन्यातून मीच ओरडून सांगितलं, फोडा म्हणून."

ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. रागवायला कारण शोधलं. सापडेना.