राखणदाराच्या वहाणा

मोटारसायकलच्या अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेत मी खोबरेल तेल ओतले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी देवाचे काही बोलू लागले तरी कोणी मला फार शहाणी समजणार नाही. तेव्हा मी तशी लहानच होते, अवघी बासष्ट वर्षांची. अक्कलदाढा येऊन पडूनही गेल्या होत्या, अक्कल मात्र वाटेत कुठेतरी रेंगाळली होती. आज त्या बाईचा कान पिळावासा वाटतो, आणि लगेच तिची पाठही थोपटावीशी वाटते. कारण तीच बाई लेकीच्या मागे बसून पेडण्याहून नेपाळला गेली, नेपाळ आडवा कापून भूतानात शिरली, आणि परत येऊन आपल्या दारातल्या माडाखाली ताठ उभी राहिली.

माझी लेक वैजू केरीच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांना मोटारसायकली भाड्याने देते. त्या दुरुस्तही तीच करते. दूरदूरचे लोक तिला हिमालयातल्या वाटांच्या गोष्टी सांगत आणि ती त्यांच्या गाडीची चेन घट्ट करत ऐकत बसे. एक दिवस जेवता जेवता तिने सांगितले, आता मी जाणार. जावई नातीला सांभाळायला तयार झाला, पण वैजूने एकटीने जाऊ नये म्हणून अडून बसला. घरात कोणाला सुट्टी नव्हती. मला जन्मभराची होती. मी म्हटले, "मी येते." सगळे हसले. वैजू हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट घेऊन आली.

गावात काय काय बोलले गेले ते सगळे लिहीत नाही. बाईमाणसाने असले धाडस करू नये, म्हाताऱ्या आईला कुठेतरी पाडून येईल, अर्ध्या वाटेवरून रडत परतेल, असे बरेच. वैजू ऐकत आपल्या गाडीचे नट आवळत राही. पण मी तिची आई आहे. ती रात्री नकाशा पाहताना नखे खायची, ते मला दिसत होते. ती अर्ध्यावरून परतली असती तर नुसती सहल बुडाली नसती. पुढे आयुष्यभर कुठल्याही कामाला हात घालण्याआधी तिला ते हसणे ऐकू आले असते.

आमच्या गावच्या शिवेवर राखणदाराचे स्थान आहे. मूर्ती नाही, एक झाड आणि एक दगड. हातात काठी आणि खांद्यावर कांबळे घेऊन तो गावाची शीव फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. निघायच्या दिवशी तिथली सेवा करणाऱ्या आबा गावकरांनी आमच्यासाठी गाऱ्हाणे, म्हणजे देवाला मोठ्याने साकडे, घातले. "बा म्हाराजा, ही तुजी लेकरां परमुलखाक चालली हत, तेंच्या वाटेत खंयचां इघ्न येव नये," असे ते म्हणाले आणि आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. एवढ्यात माझी जाऊ कानाशी लागली. "अगो, पत्रादेवीचो हद्दीचो नाको ओलांडलंस की तो मागे रवतलो. फुडे तुका कोण राखतलो, पोलीस?"

तिने थट्टा केली आणि माझ्या मनात काटा राहिला. शीव राखणाऱ्याची हद्द शिवेपर्यंतच, हे मलाही पटत होते. मग मी त्यावर माझा उपाय काढला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून राखणदारासाठी चांगल्या दणकट, मोठ्या मापाच्या चामड्याच्या वहाणा आणल्या होत्या, त्या मी वाहिल्याच नाहीत. पिशवीत भरून बरोबर घेतल्या. म्हटले, तो आला बरोबर तर लांबच्या वाटेवर त्याला लागतील, नाही आला तर परतल्यावर वाहू. देवालाही वायद्यावर ठेवणारी अशी ती बासष्ट वर्षांची पोर!

प्रवासाचे काय सांगू? नेपाळच्या हद्दीवर शिपायाने माझ्याकडे पाहून वैजूला विचारले, "आजी कुठे चालली?" मी हेल्मेटची काच वर करून म्हटले, "फिरायला. तुम्ही येता?" पोखऱ्याला सकाळी खिडकी उघडली तर बर्फाचे डोंगर समोर, जणू कोणी चुन्याने सारवून उन्हात ठेवलेले. वैजू रस्ता असा वाचायची, जसे मी तांदळातले खडे वेचते. नदीतून गेलेल्या वाटेवर ती आधी स्वतः चालून पाणी पाहायची, मग मला पलीकडे नेऊन बसवायची, मग गाडी आणायची. मागे बसून मला तिची पाठ तेवढी दिसे. त्या पाठीचा मला इतका अभिमान वाटायचा, की कधी कधी मी उगाचच तिच्या जॅकेटवरची धूळ झटकायची.

भूतानच्या दारातल्या फुन्शोलिंग गावात पोचलो तेव्हा वैजूचे मनगट सुजले होते. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ जड झाली होती. तारेत घालायचे तेल संपले होते, उद्या शोधू म्हणून ती झोपली. पहाटे ती आंघोळीला गेली आणि मी माझी खोबरेलाची बाटली काढली. आमच्याकडे खोबरेल केसांना, समईला, शिलाईयंत्राला आणि करकरणाऱ्या दाराला एकच. मुठीजवळचे रबर मागे सारले आणि थेंब थेंब करून तार भरली. तिथे पायथ्याला गरमी होती. मूठ लोण्यासारखी फिरू लागली. वैजू चकित झाली. मी गंभीर चेहरा करून म्हटले, "राखणदारानं घातलं असतलां."

खोटे बोलताना देवाचे नाव वापरले, हे तेव्हा मला विनोदी वाटले होते.

पुढे चढ लागला तशी थंडी वाढली आणि मूठ पुन्हा अडू लागली. वैजूला वाटले, थंडीने हात आखडलाय. पारोहून 'चेले ला' नावाच्या उंच घाटाकडे निघालो तेव्हा धुके होते आणि मध्येच बर्फाचे कण टोचत होते. माथ्याजवळच्या एका वळणावर वैजूने मूठ सोडली, पण मूठ मागे फिरलीच नाही. इंजिन ओरडतच राहिले. समोर धुके, त्याखाली दरी. तिने क्लच दाबला, इंजिन बंद केले आणि गाडी डोंगराच्या अंगाला लोटली. आम्ही दोघी झुडपांत पडलो. कोपरे खरचटली, इतकेच.

वैजूने तपासले, पण हात बधिर झालेले, काही समजेना. रस्त्यावर एक वाहन नाही. ती दगडावर बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, लोक खरा सांगी होते. मी तुका मारूक हाडलंय. गाडी टेंपोत घालूया नि घरा जावया." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपे गेले असते.

मला गाऱ्हाणे घालता येत नाही, ते पुरुषांचे काम. पण मी उठले, धुक्याकडे तोंड केले आणि मनात म्हटले, बा म्हाराजा, तुझी हद्द कुठे संपते ते मला ठाऊक नाही. माझी मात्र इथे संपली. लेकीला सांभाळ. त्या क्षणी माझ्याकडे कसलाही उपाय नव्हता, पिशवीतला वायदाही मी विसरले होते. जन्मात पहिल्यांदाच मी काही न सुचवता मागितले असेल.

थोड्या वेळाने घंटा वाजल्या आणि धुक्यातून याक आले. त्यांच्यामागे एक माणूस होता. हातात काठी, खांद्यावर जाडे कांबळे. क्षणभर मला आमची शीव आठवली, ते लपवत नाही. त्याला हिंदीचे दोन-चार शब्द येत होते. आम्हाला पाहून तो म्हणाला, "माताजी, आग, आग," आणि खडकाच्या आडोशाला जाळ करून त्याने आम्हाला बसवले. लोणी घातलेला खारट चहा दिला. वैजूचे ओठ फुटले होते म्हणून मी खोबरेलाची बाटली काढली. तेल दगडासारखे पांढरे घट्ट. तो हसला, बाटली माझ्या हातून घेतली आणि जाळाजवळ धरून फिरवू लागला. पांढरे तेल कडेने सुटू लागले, पाण्यासारखे झाले. म्हणजे तारेतले तेलही असेच गोठले असणार.

"वैजू," मी म्हटले, "तारेत राखणदारानं नाय, मी घातलां. ह्याच."

ती बाटलीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. "आई गे! खोबरेल? तारेत?" आणि ती हसायला लागली. इतकी हसली की याक मान वर करून पाहू लागले. तिचे ते हसू ऐकले आणि मला कळले, आता ही परतत नाही. तिने तार काढली, शेकली, जाळापासून लांब नेऊन पेट्रोलने धुतली, इंजिनातले दोन थेंब तेल घालून पुन्हा बसवली. तोवर तो माणूस तिच्यावर कांबळे धरून उभा होता. मूठ फिरली आणि सोडताच टक् करून मागे आली.

त्याने पैसे घेतले नाहीत. त्याचे रबरी बूट टाचेला फाटलेले दिसले तेव्हा मला पिशवी आठवली. बर्फात चामड्याच्या वहाणा काय कामाच्या, पण माझे हात थांबले नाहीत. त्याने तिथेच लोकरी मोज्यांवर त्या चढवल्या, चार पावले चालून दाखवली आणि खूष झाला. तो धुक्यात अदृश्य वगैरे झाला नाही. एका हट्टी याकाला शिव्या घालत उतारावरून जाताना मी त्याला बराच वेळ पाहत होते.

तो कोण होता, हा वाद मी घालत नाही. याक राखणारा होता, हे नक्की. मला एवढेच उमगले की राखणदाराचे काम मी माझ्या अंगावर घेतले होते आणि नाव त्याचे लावले होते. हात जोडणे म्हणजे आपले हात जरा वेळ मोकळे ठेवणे. ते मला एवढ्या उंचावर जाऊन शिकावे लागले. त्या दिवशी वैजूने घाटमाथा ओलांडला, प्रार्थनेच्या पांढऱ्या निशाणांखाली गाडी उभी केली आणि मला विचारले, "आई, फुडे?" मी म्हटले, "फुडे." माझ्या लेकीने तो सगळा मुलूख पाहिला आणि तीच गाडी चालवत मला घरी आणले. हे मी म्हापशाच्या बाजारात कोणी न विचारता सांगते.

परतल्यावर मी नव्या वहाणा घेऊन शिवेवर गेले. आबा गावकर झाडाखाली पाने झाडत होते. मी खाली मान घालून सगळे सांगितले, तेलाचेही, आणि म्हटले, "आबा, म्हाराजाच्यो व्हाणो मी दुसऱ्याक दिलंय. माका माफी मागून द्या." म्हाताऱ्याने झाडू थांबवला, माझ्या हातातल्या नव्या जोडाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि अगदी काळजीने विचारले,

"तेच्या पायांक बरोबर बसल्यो मगो?"