फणसाखालचं मडकं

आमच्या खिडकीतून शेजारच्या सुलूवहिनींचं अंगण दिसतं. उन्हाळ्यात त्यांचे यजमान काजूच्या बोंडांचा रस मडक्यात आंबवत आणि मग भट्टी लावून दारू गाळत. यंदा ते नाहीत. बोंडं मात्र झाडाला लागायची ती लागलीच, म्हणून वहिनींनी स्वतः रस भरला.

उन्हाच्या काहिलीत तो बघता बघता फसफसला, उतू गेला आणि पार आंबट झाला. कुंपणापाशी उभे असलेले दीर हसले. "वयनी, ह्या बायलमाणसाचा काम न्हय."

वहिनींनी रस ओतून दिला. मग कुदळ घेतली, फणसाच्या सावलीत खड्डा खणला, नवं मडकं गळ्यापर्यंत त्यात पुरलं, ताजा रस भरला आणि गळ्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. बोंडंही त्या आता पहाटेच वेचून घरातल्या गार जमिनीवर पसरायच्या. दुपारभर गोणपाटावर पाणी शिंपडताना त्यांना पाहिलं, की मला वाटायचं, ऊन सगळ्यांनाच घाई करायला लावतं, रसाला आणि माणसांच्या जिभेलाही. त्याच्याशी भांडायला ओरडावंच लागतं असं नाही.

काल दीर पुन्हा आले. मडक्यावर वाकून बराच वेळ वास घेत राहिले. रस संथपणे, हवा तसा आंबला होता.

"दादान असा कधी केल्यान नाय," ते पुटपुटले.

"नसात केल्यान. मी केलंय," वहिनी ताठ उभ्या राहत म्हणाल्या. "आता भट्टी लावतंय. लाकडा फोडूक येतास तर येवा."