फळ्यावरची रिकामी ओळ

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. दर सोमवारी त्यावर 'या आठवड्यात इतिहासात' लिहायचं काम माझ्याकडे. अक्षर बरं म्हणून नव्हे, खडू आमच्या घरी असतात म्हणून. लोक थांबून वाचतात ती कोपऱ्यातली पाण्याची वेळ. "तुमचा इतिहास जरा आखडता घ्या," बायको म्हणते, "टाकी धुण्याची सूचना मावत नाही."

जानेवारीचा मधला आठवडा आला की मी पानिपत लिहून मोकळा व्हायचो. गेल्या वर्षी बाबा जिना उतरताना थांबले. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते.

"पानिपतावर आपल्या चाळीतलं कोण गेलेलं रे? आपलं लिही की."

मी खाली लिहिलं, 'गिरणी कामगारांचा संप सुरू झाला.' बाबांनी चष्मा पुसून वाचलं. "आणि मिटला कधी?"

झाली पंचाईत. बाकड्यावरची म्हातारी मंडळी तापली. "मागे घेतलाच नाही कुणी! चालूच आहे." "मग माझी हजेरी लाव रे!"

तेवढ्यात समोरच्या दारातले काका दूध घेऊन आले. गिरणीत बाबांच्या शेजारच्या साच्यावर असायचे. डबा एकच खायचे दोघं. संप चालू असतानाच काका कामावर गेले आणि बाबांनी बोलणं टाकलं, ते टाकलंच. गणपतीचा प्रसादसुद्धा माझ्या हातून इकडून तिकडे जायचा.

काकांनी फळा वाचला. "लिही रे. माझा दिवाळीत मिटला. धाकटी तापाने फणफणलेली, घरात दाणा नव्हता."

बाबा माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्याला विचार, तेव्हा का नाही बोलला?"

काका हातभर अंतरावर उभे. तेही मलाच म्हणाले, "त्याला सांग, दार वाजवलं होतं मी."

बाबांना हे ठाऊक नव्हतं. आईने कडी काढली नसणार. आता तिला विचारायची सोय नाही. काका वर गेले. "मिटल्याची ओळ राहू दे रिकामी," बाबा म्हणाले, "बघतो मी."

आठवडाभर बघतच होते. एका संध्याकाळी भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून समोरच्या दारापर्यंत गेले नि परत आले. "झोपला असेल," म्हणाले. आतून टीव्हीचा आवाज येत होता. पुढच्या महिन्यात काकांना मुलाने वडाळ्याला नेलं आणि पावसाळ्यात काका गेल्याचा फोन आला.

यंदा तोच आठवडा आला तेव्हा बाबांनी खडू मागून घेतला. मी लिहिलेल्या संपाच्या ओळीखाली लिहिलं, 'समोरच्यांचा दिवाळीत मिटला.'

"आणि तुमचा?" मी विचारलं.

त्यांनी खालची जागा तळव्याने पुसून स्वच्छ केली, खडू माझ्या हातात दिला आणि कठडा धरत वर गेले.

त्या दिवशी टाकी धुणार होते. बायकोने ते फळ्यावर लिहायला सांगितलं नाही. प्रत्येक मजल्यावर जाऊन, दारं वाजवून सांगून आली.