तेरड्यातली मण्यांची माळ

बाजारात तेरड्याची जुडी हातात घेतली, की त्या ओल्या पाल्याच्या वासाने मला समुद्रकाठच्या मांडवीचं घर आठवतं. सातवीत शाळा सुटली आणि मी लातूरहून तिथे कामाला आले. त्या घरी तेरड्याचीच गौर साडी नेसवून बसवायचे. घरच्या मालकीणबाई, म्हणजे काकू, यांच्या धाकट्या लेकीला दागिने बनवायचं किट मिळालं होतं. त्यातले रंगीत मणी ओवून तिने गौरीला माळ केली. विसर्जनाआधी काकू म्हणाल्या, "दागिने नीट उतरव गो." मी जीव मुठीत धरून सोनं तेवढं उतरवलं, आणि माळ तेरड्यात गुंतून तशीच समुद्रात गेली. घरी आल्यावर पोरीने विचारलं, "ताई, माझी माळ कुठंय?" आता मला गावी धाडणार, असं वाटलं. पण काकूच पटकन म्हणाल्या, "गौरीला आवडली हो, माहेरची आठवण म्हणून घेऊन गेली." पोर हरखली. "मग तुला पण करते," म्हणत तिने उरलेले मणी ओवून माझ्या गळ्यात बांधले. ती माळ मी अजून घालते, पण कुणी "छान आहे" म्हटलं की माझ्या हातून समुद्रात गेलेली ती पहिली माळ आठवून मान खाली जाते.