बोटांवर नजर ठेवणाऱ्या सिस्टर

"बोटं हालव, लेकरा. अशी न्हाई, एकेक करून."

आमच्या लातूरच्या हाडांच्या दवाखान्यात कोपर मोडलेलं लेकरू ऑपरेशन होऊन बाहेर आलं, की सिस्टर आधी हेच म्हणायच्या. मग त्याचं नख दाबायच्या आणि ते पुन्हा गुलाबी होईपर्यंत नजर हलवायच्या नाहीत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचा कशावरच विश्वास नसतो. मी तिथं एक्स-रे काढायचो. "हे ह्याच लेकराचं हाय ना? नाव बघितलंस?" त्या दरवेळी विचारायच्या. मला राग यायचा. त्या मोठ्या डॉक्टरांचे कान भरतात, असा आम्हा सगळ्यांना संशय होता. त्या चहाला आल्या की आम्ही विषय बदलायचो. त्यांना ते कळत असणार.

एकदा रेणापूरकडची सात वर्षांची मुलगी आली. शाळेतल्या घसरगुंडीवरून पडली होती. कोपराच्या वरचं हाड सरकलं होतं. डॉक्टरांनी दोन तारा घालून ते बसवलं, हात वाकवून प्लास्टरची पट्टी बांधली आणि ते कामासाठी नांदेडला निघाले.

दुपारी मुलगी रडायला लागली. सिस्टरनी बोटं हलवायला सांगितली. हलेनात, पांढरी पडली होती. त्यांनी हळूच एक बोट सरळ केलं, तशी ती किंचाळली.

"कामून छळायल्यात पोरीला?" बाप चिडला. "ऑपरेशन झालंय, दुखणारच की!"

डॉक्टरांचा फोन लागेना. सिस्टरनी कात्री घेतली.

"ऑर्डर नाही, सिस्टर," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. पट्टी आवळलीय, रगत पोचंना. तू हात धर."

त्यांनी पट्टी उभी कापली, आतला कापूस मोकळा केला, कोपराचा बाक थोडा कमी केला आणि मनगटावर बोट ठेवून बसल्या. हाड पुन्हा सरकलं तर काय, एवढंच माझ्या डोक्यात. बऱ्याच वेळानं पांढरी बोटं गुलाबी झाली.

"लागली नाडी," त्या म्हणाल्या.

फोन लागल्यावर डॉक्टर अर्ध्या वाटेतून परतले, ते तापूनच. "कुणाला विचारून कापलंत?" मग त्यांनी बोटं पाहिली, नाडी पाहिली, मी काढलेला नवा एक्स-रे पाहिला. तारा जागेवर होत्या.

"आणखी उशीर झाला असता, तर हात गेला असता," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग पुन्हा एकदा बघा, सर. माझ्यावर इश्वास ठिवू नका."

महिन्याभरानं मुलीच्या तारा निघाल्या. त्यानंतर सिस्टरनी विचारायच्या आधीच मी फिल्मवरचं नाव दाखवू लागलो.

निवृत्तीनंतर सिस्टर देवणीला, आपल्या गावी गेल्या. मागच्या हिवाळ्यात तिथंच वारल्या.

ते कळून आठवडाही झाला नव्हता, तोच ती मुलगी बापाबरोबर आली. चांगली उंच झाली होती. दोन्ही हात सरळ लांबवून तिनं हिरव्या हरभऱ्याच्या ढाळ्यांची पिशवी माझ्यापुढं धरली.

"आमच्या शेतातले हायत. सिस्टरला द्यायचेत."

सिस्टर वारल्याचं बापाला काउंटरवरच कळलं होतं. तो तिच्या मागं मान खाली घालून उभा होता. मी पिशवी घेतली.

"नक्की द्याल ना?" तिनं माझ्याकडं रोखून बघत विचारलं.