गाठोड्यातून काढलेल्या डब्या

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण वीस वर्षं ऊसतोडीच्या टोळीत कोयता चालवला आणि कुणाचं ऐकून घेतलं न्हाई. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कुणी म्हणू नये. मला सगळं समजावून सांगितलं होतं.

थोरला पोरगा दोन वर्षं ट्रकवर होता. लग्नानंतर त्याला एचआयव्ही निघाला. सुनेला तपासलं, ती चांगली निघाली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तिघांना समोर बसवलं. पोराला त्याच्या गोळ्या दिल्या, मग सुनेच्या हातात वेगळ्या तीन डब्या ठेवल्या. "ह्याचं औषध लागू पडेपर्यंत हिनं रोज एक घ्यायची. म्हणजे हिला लागण होणार नाही. एक दिवससुद्धा चुकवायचा नाही."

"आजारी हा, अन् गोळ्या हिला कावून?"

"तिला होऊ नये म्हणून, बाबा."

"न झालेल्या रोगाला औषध?" मी हसलो. सून हसली न्हाई. तिनं डब्या पदरात बांधल्या.

दसरा झाला आणि टोळी निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून सुनेला जाणं भाग. मी वेशीपर्यंत पोचवायला गेलो. ट्रॅक्टर उभा, माणसं ट्रॉलीत सामान चढवत होती. सुनेनं गाठोडं ठेवलं तसं आत खुळखुळ वाजलं.

"काय गं, आत्ताच खुळखुळा घेतलास?" टोळीतली एक बाई म्हणाली. "दिवस गेले व्हय?"

सगळे खदखदले. ह्या कसल्या गोळ्या हे टोळीला कळलं तर ह्यांच्या हातचं पाणी कुणी घेणार न्हाई, आणि गावात मला मान खाली घालावी लागंल. पोरानं आपल्या डबीत वाजू नये म्हणून कापूस कोंबला होता. सून घागर भरायला गेली तेवढ्यात मी गाठोडं सोडलं, तिच्या डब्या बंडीच्या खिशात घातल्या आणि गाठ होती तशी मारली. आजारी माणसाच्या गोळ्या ठेवल्या, धडधाकट बाईच्या काढल्या. तवा मला हा न्यायच वाटला.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला.

"मामा, माझ्या डब्या घरी राह्यल्या का?"

"मला काय ठाव? गाठोडं तुझ्या मांडीवर व्हतं."

"बघा की जरा."

"बघितलं. न्हाईत."

डब्या ज्वारीच्या कोठीत होत्या. मी कोठीला टेकूनच बोलत होतो.

तिकडं तिनं दवाखान्याला जाते म्हटलं, मुकादमानं सोडलं न्हाई. पोरगा म्हणाला, "थोड्या दिवसानं काय हुतंय?" तो स्वतः माणसांदेखत गोळी घ्यायला लाजायचा, चार-चार दिवस चुकवायचा. माझाच पोरगा.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत आली. पुन्हा तपासणी झाली. ह्या वेळी डॉक्टरीणबाईनं मला बाहेर बसवलं. सून कागद घेऊन आली, तो पदरात बांधला आणि माझ्या पुढं चालू लागली.

चार दिवसांनी ज्वारी काढताना तिचा हात डब्यांना लागला. तिन्ही आणून तिनं माझ्या पुढ्यात मांडल्या. "घ्या मामा. आता मला ह्या चालत न्हाईत." शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. तिनं तेवढंही केलं न्हाई.

आता तिलाही पोराच्याच गोळ्या हायत. जेवण झालं की ती ओसरीवर येते. भावकी बसलेली असली तरी डबी वाजवून गोळी तळहातावर घेते.

"मामा, पाणी द्या."

सुनेनं सासऱ्याला पाणी मागितल्याचं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी जागचा हललो न्हाई.

"देता का आणू त्या तीन डब्या भाईर? सांगू कुणी लपवल्या?"

मी उठलो. तवापासून रोज उठतो. माफी मी मागितली न्हाई, मला ती मागता येत न्हाई. काल तांब्या जरा कमी भरला होता. तिनं तो माझ्या पायापाशी ओतला आणि रिकामा पुढं केला.