श्रावणात हरवलेली सुरमई

माझी सून न्हाणीचा नळ सोडून रडायची. आवाज बाहेर येऊ नये म्हणून. आमच्या चारकोपच्या सेक्टरात पाणी सकाळी तेवढं येतं, त्यामुळे तिचं रडणंही सकाळीच. मी ओट्याशी कुळीथ भाजत उभी. ऐकू सगळं यायचं, पण दार वाजवून विचारणार काय? डोळे पुसून बाहेर आली की म्हणायची, "आई, चहा टाकू का?" मी म्हणायचे, "टाक."

पवईच्या एका कंपनीत ती कॉम्प्युटरवर काम करत होती. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हिचा नंबर लागला. माझा मुलगा जहाजावर, महिनोन् महिने समुद्रात, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. तिनं मुलाखती दिल्या, खूप दिल्या. कुणी हो म्हणेना, कुणी नाही पण म्हणेना. शेवटी एक दिवस म्हणाली, "आई, तुमच्या बायकांचं ॲप मी करून देते."

आमच्या बायका म्हणजे चारकोप-बोरिवलीतला आमचा गट. घरी रांधायचं आणि ऑर्डरी द्यायच्या. कुणाची सुरमई, कुणाची कोळंबी, कुणाचे कोंबडी-वडे. माझं आपलं मालवणी मसाला, कुळथाची पिठी, नाचणीचे लाडू, असलं टिकाऊ. पवईच्या ऑफिसांना जेवण पुरवणारे एक गृहस्थ आमच्यातल्या एकीच्या ओळखीचे. ते म्हणाले, ॲप नीट चाललं तर तुमचं जेवण मी ऑफिसांत लावतो आणि ॲप सांभाळायचं काम तुमच्या सुनेला कायमचं देतो.

कायमचं! तो शब्द ऐकून ती त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवली. पण मला हळूच म्हणाली, "आई, हे गेलं ना, तर मी लॅपटॉप विकून टाकीन. मग समजायचं, मला येतच नव्हतं काही."

तर त्या ॲपमध्ये वर शोधायची चौकट असते. आपण तिथे 'लाडू' लिहितो आणि खाली लाडू येतात. मला वाटायचं, ते आपोआप येतात. तसं नसतं हो. त्याच्यामागे एक शोधणारं इंजिन बसवावं लागतं. विकतची फार महाग, म्हणून ही 'ओपन सोर्स' बघत होती. म्हणजे कुणीकुणी मिळून लिहिलेलं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं. घ्या, वापरा, आत काय आहे ते बघा, हवं तर बदला. मला हे फार आवडलं. आमच्या मसाल्याचं प्रमाण आम्ही कुणाला सांगत नाही, आणि ही माणसं बघा.

अशी तीन इंजिनं तिनं काढली होती. त्यांची इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी त्यांना थोरलं, मधलं, धाकटं म्हणायचे. थोरलं दांडगं, कितीही माल टाका, शोधणार. पण त्याला मशीनही दांडगं लागतं, ते भाड्यानं घ्या, त्याची उस्तवार करा. धाकटं हलकं आणि चपळ. बोट टेकवायच्या आत उत्तर देणार, अर्धामुर्धा शब्द लिहिला तरी जवळचं काहीतरी आणून पुढे ठेवणार. मधलं दोघांच्या मधे. तिनं धाकटं निवडलं. आषाढात बायकांनी फोटो टाकले, पदार्थ टाकले आणि 'सुरमई' लिहिलं की तळलेल्या सुरमईची रांग लागायची. सून एकटीच हसायची तिच्याकडे बघून.

आणि मग एके दिवशी सगळ्याची वाट लागली.

'सुरमई' लिहिलं तर सुरळीची वडी. 'कोळंबी' लिहिलं तर कोथिंबीर वडी. ती तासन् तास त्या पडद्यासमोर. "माल आत आहे, आई, मी बघितलाय. तुमचे लाडू सापडतात, मसाला सापडतो. म्हणजे बाकी सगळं ठीक आहे, ह्या इंजिनालाच मराठी कळत नाही." मला एवढंच कळलं की शोध चालत नाही. काय शोधतेयस बाई, असं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. माझे लाडू सापडत होते ना!

तिनं धाकटं काढून टाकलं. थोरलं बसवलं, त्याच्यासाठी मोठं मशीन भाड्यानं घेतलं. त्यानं तर सुरळीची वडीसुद्धा दाखवली नाही, कोरा पडदा. मग थोरलं काढून मधलं. तेही तसंच. जगभरातले लोक अडचणी विचारतात अशा ठिकाणी तिनं विचारलं. तिकडून उत्तर यायचं की ह्या सेटिंगमध्ये बदल करा. केला की तेच. ताटात काय वाढलंय हे बघायची शुद्ध तिला नव्हती. मी अळूचं फदफदं वाढलं काय आणि वरणभात वाढला काय, खाली मान घालून गिळायची. नळ मात्र रोज सकाळी चालू.

पवईला दाखवायला जायचा शुक्रवार आला. बायकांच्या वतीनं मी पण गेले. रिक्षात मी म्हटलं, "होईल गं नीट."

"आई, काही बोलू नका ना. प्लीज."

गृहस्थ चांगले होते. चहा मागवला. "आमच्याकडे सगळ्या मुलखाची पोरं," म्हणाले, "आधी विचारतात ते मासे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, सुरमई. पडदा कोरा. पापलेट लिहिलं. कोरा. सून घाईनं म्हणाली, "सर, लाडू लिहून बघा." त्यांनी लिहिलं नाही. लॅपटॉप बाजूला सारला, म्हणाले, "बघू, कळवतो." माझ्याकडे बघून हात जोडले. त्या हात जोडण्यातच मला कळलं.

संध्याकाळी शेजारच्या बिल्डिंगमध्ये जिवतीचं हळदीकुंकू होतं. ती येत नव्हती, मी ओढूनच नेली. म्हटलं, चार भिंतींतून निघू दे जरा. आमच्या गटाच्या बऱ्याच जणी तिथे होत्या. हिच्या हातात दुधाचा पेला, पुढ्यात गूळ-फुटाणे, आणि एकीनं विचारलं, "काय गं, कसं झालं पवईला?"

"तुमची सुरमईच सापडली नाही, ताई."

"कशी सापडेल? बंद केलीय ना मी."

"बंद?"

"अगं, तूच नाही का बटण दिलंस, 'आज आहे, आज नाही'? मी 'नाही' केलं. श्रावण ना!"

"मी पण," दुसरी म्हणाली.

"मी तर कोंबडीपण."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. "शिजवत नाही ते कळलं हो. पण नुसतं नाव राहिलं असतं तर?"

"नुसतं नाव कुठे? फोटो आहे माझ्या नावाखाली! आमची म्हातारी देवासमोर बसून नातवाचा मोबाईल बघते. तिला काय जिवतीबरोबर पापलेट दाखवू?"

सगळ्या हसल्या. कोपऱ्यातल्या मालवणच्या आजींनी निकाल दिला, "श्रावण लागलो की म्हावरां बंद. बंद म्हणजे बंद, गो बाय."

सून हळूच म्हणाली, "मी तीन इंजिनं बदलली."

"इंजिनं कशाला बदललीस? एक फोन करायचास ना! आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल. तू काय बाहेरची आहेस?"

दुधावर साय धरली होती, ती तिच्याकडे बघत बसली. जिन्यात मला म्हणाली, "आई, 'आज नाही' म्हटलेलं शोधात दाखवायचं नाही, हा नियम मीच लिहिला होता. पहिल्या दिवशी. आणि तोच विसरले."

घरी येऊन तिनं धाकटं परत बसवलं. बंद पदार्थाचं नुसतं नाव दिसेल, फोटो दिसणार नाही, खाली 'श्रावणानंतर मिळेल' असं येईल, अशी सोय केली. बायकांना विचारलं, त्यांनी हो म्हटलं. मग तिनं पवईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, मी भाजी निवडत होते.

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, कारण पटलं मला. तुमचं ॲप चांगलंच असणार. पण मला सोमवारपासून जेवण द्यायचंय. सुरमई सापडली, तरी मिळणार आहे का?"

मी भाजी खाली ठेवली.

"नाही ना? मी दुसऱ्यांना शब्द दिलाय."

खोटं काय होतं त्यांचं? कुठलंही इंजिन बसवलं असतं तरी त्या शुक्रवारी आमच्याकडे मासा नव्हताच. ती इतके दिवस जी गोष्ट दुरुस्त करत होती, ती मोडलेलीच नव्हती. मी तिला हे म्हणाले, समजूत घालायला म्हणून. ती म्हणाली, "तेच तर, आई. मला तेवढंही ओळखता आलं नाही."

लॅपटॉप तिनं विकला नाही, पण उघडलाही नाही. कपाटावर ठेवलाय, माझ्या जुन्या साडीत गुंडाळून. कंपन्यांचे फोन येत नाहीत. मुलगा विचारतो तेव्हा ती मजेत आहे म्हणते.

गणपती झाले. बायकांनी एकेक करून मासे चालू केले. काल सकाळी मी माझ्या मोबाईलवर लिहिलं, सुरमई. पुरतं लिहूनही झालं नव्हतं, तोवर आल्या की सगळ्या, फोटोसकट, लालभडक तळलेल्या. मी उठून हाक मारली, "अगं, ये, बघ तरी! पहिलीच आली!"

न्हाणीत नळ चालू होता. तिला ऐकू गेलं नसावं.